गुरुवारच्या वादातली डावी खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटली की ती सरकवता येते, अशी तुमची समजूत असेल. मी एक जुनी खुर्ची आहे खरी, पण मला सरकवायला येऊ नका. माझ्या चारही पायांना लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्या स्क्रूंनी जमिनीत घट्ट बसवलेल्या आहेत. एका रेडिओ केंद्राच्या चर्चेच्या खोलीत, गोल मेजाच्या डाव्या अंगाला मी उभी असते. या खोलीला खिडकी नाही. भिंतींवर जाड कापड आहे. दार लागले की बाहेरचा धो धो पाऊसही आत ऐकू येत नाही. एका बाजूला मोठी काच आहे, पण तिच्यापलीकडे आकाश नाही, आणखी एक खोलीच आहे.

जन्मले तेव्हा माझे नशीब असे नव्हते. एका सुताराने मला वाचनालयासाठी घडवले. वाचणारा माणूस उजेडामागे फिरतो, तेव्हा खुर्ची हलकी हवी, असे ग्रंथपालांनी त्याला बजावले होते. म्हणून त्याने माझे पाय सडपातळ ठेवले आणि पाठीला वेताची जाळी विणली. सकाळी मी एका खिडकीशी असे, दुपारी दुसऱ्या. एकदा एक म्हातारे गृहस्थ मला एका हाताने उचलून नेताना म्हणाले, "खुर्ची असावी तर अशी." ते शब्द मी जपून ठेवले आहेत. पुढे वाचनालयात नव्या खुर्च्या आल्या आणि माझी व माझ्या जुळ्या बहिणीची रवानगी रेडिओ केंद्रात झाली.

तिथे दर गुरुवारी संध्याकाळी जाणकारांचा वाद थेट प्रक्षेपित होई. कधी राजकारण, कधी संस्कृती, पण बहुतेक वेळा इतिहास. माझ्यावर इतिहासाच्या एक प्राध्यापिका बसत. त्यांना सगळे 'बाई' म्हणत. समोर माझ्या बहिणीवर एक निवृत्त संपादक बसत. वाद रंगला की संपादक खुर्ची पुढे ओढत आणि बाई खुर्ची मागे सरकवत. त्यामुळे एकाचा आवाज कानठळ्या बसवी आणि दुसरीचा विहिरीतून आल्यासारखा वाटे. काचेपलीकडे बसून आवाज सांभाळणारा तंत्रज्ञ या प्रकाराने मेटाकुटीला आला. त्याला टाचणी पडलेलीही ऐकू येई, म्हणून त्याचे टोपणनाव 'कानसेन' पडले होते. अखेर कार्यक्रमाच्या प्रमुखांनी आम्हा दोघी बहिणींना जमिनीला जखडून टाकण्याचा हुकूम दिला. तेव्हापासून मी उजेड पाहिलेला नाही. दिवे पाहते, पण ती गोष्ट वेगळी.

एक वाद मात्र कधी संपतच नसे. शेकडो वर्षांपूर्वी या शहराला वेढा पडला होता आणि एका पहाटे वेशीचा दरवाजा आतून उघडला गेला. तो कुणी उघडला? बाई म्हणत, दरवानाने, लाच खाऊन. संपादक म्हणत, शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवून उघडवला आणि बिचारा दरवान फुकट बदनाम झाला. बाईंची वाणी रसाळ होती, व्यासंग मोठा होता. त्यांचे मत शाळेच्या पुस्तकात धडा होऊन बसले. खेळात दगा देणाऱ्या गड्याला मुले 'दरवान' म्हणू लागली.

त्या दरवानाच्या कुळातली माणसे शहरातल्या एका गल्लीत अजून राहत होती. कानसेन त्याच गल्लीतला. केंद्रात हे कुणाला ठाऊक नव्हते. मला कळले ते एका दुपारी, तो माझे ढिले झालेले स्क्रू आवळत असताना त्याच्या बायकोचा फोन आला म्हणून.

"पोरगी शाळेत जायचं नाही म्हणते?" तो हळू आवाजात म्हणाला. "पुन्हा दरवानीण म्हणाले का तिला? ... अगं, मी काय सांगणार बाईंना? त्यांचा आवाज नीट पोचवायचा, एवढंच माझं काम."

फोन ठेवून त्याने उरलेला स्क्रू आवळला. जरा जास्तच आवळला.

त्याच वर्षी वेशीच्या दरवाजाची दुरुस्ती निघाली. बाई ती पाहायला गेल्या. पुढच्या गुरुवारी कार्यक्रमाआधी त्या माझ्यावर येऊन बसल्या, त्या जराशा अवघडूनच.

"वेशीवर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "दरवाजामागचा अडसर काढत होते. आठ माणसं लागली, तरी एकाचा पाय चेंगरता चेंगरता वाचला. आणि आवाज किती व्हावा? मग पहाटे, कुणाला चाहूलही न लागू देता, एकट्या दरवानानं तो कसा काढला असेल?"

संपादक हसू लागले. "बाई, उभा जन्म त्या दरवाजावर बोलण्यात गेला तुमचा. अडसर कधी पाहिलाच नव्हतात?"

"कागदांत त्याचं वजन दिलेलं नव्हतं हो."

"म्हणजे मी जिंकलो म्हणायचं."

"जिंका बापडे."

"थांबा, थांबा," प्रमुख मधे पडले. "कुणी जिंकायचं नाही. तुमचं एकमत झालं तर तासभर वाजवू काय, बासरी?"

"पण मला ते आता पटत नाही," बाई म्हणाल्या.

"ते घरी ठेवा. लोक तुमची बाजू ऐकायला रेडिओ लावतात. तुम्ही उठलात तर मला तिथे दुसरं कुणी बसवावं लागेल. ते हेच बोलतील, फक्त तुमच्याइतकं चांगलं बोलणार नाहीत."

बाई उठू पाहत होत्या, त्या बसून राहिल्या. अशा वेळी माणूस जड होतो. खुर्चीला ते लगेच कळते.

त्यानंतरचे कित्येक गुरुवार मला आठवायला नकोसे वाटतात. बाई तीच वाक्ये बोलत, त्याच जागी थांबत, त्याच जागी आवाज चढवत. श्रोत्यांना काही जाणवले नाही. पण दरवानाचे नाव निघाले की त्यांची बोटे माझ्या हातांवर आवळत. घरी जायची वेळ झाली की त्या दारापर्यंत जात आणि दाराशी क्षणभर घुटमळत. मी तर तिथेच. वाद ऐकून कंटाळलेली माणसे उठून जाऊ शकतात. खुर्चीला कान मिटायचीही सोय नसते.

मग एका गुरुवारी प्रमुख खुशीत आत आले. "बाई, शाळेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. तुमचा धडा मोठा करणार आहेत. दरवान लाच घेतोय असं चित्रही टाकणार. आज जरा रंगवून सांगा."

प्रमुख काचेपलीकडे गेले. प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

"श्रोतेहो," बाई म्हणाल्या, "दरवानानं दरवाजा उघडला असं मी तुम्हाला आजवर सांगत आले." इथे त्यांचा आवाज पार घशात गेला. "मी चुकले."

मग त्यांनी अडसराची हकीकत सांगितली. लपवाछपवी नाही, सारवासारव नाही. काचेपलीकडे प्रमुख दोन्ही हातांनी 'बंद कर, बंद कर' अशा खुणा करत होते. कानसेनाची बोटे आवाजाच्या कळीवर होती आणि नजर फक्त बाईंवर.

संपादकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. इतकी वर्षे ज्या भिंतीला खांदा लावून ते ढकलत होते, ती भिंतच बाजूला झाली होती. खोलीत शांतता पसरली, आणि रेडिओवर शांततेइतके भयंकर काही नसते.

"एवढ्यात कसं सोडता, बाई?" ते एकदम म्हणाले. "दरवानाला साथीदार नसतील कशावरून?"

"ही बाजू माझी होती, संपादक."

"होती. तुम्ही टाकलीत, मी उचलली."

बाईंना हसू फुटले. पण मग त्या पुढे सरसावून असे काही बोलल्या, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या वादात पुढचे वाक्य काय असेल, हे मला ठाऊक नव्हते.

दिवा विझताच प्रमुख धावत आले. "फोन थांबत नाहीयेत. असं काही होतं तर आधी सांगायचं की."

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"बरं, राहू द्या. पुढच्या गुरुवारी तुम्ही दोघं जागा बदलून बसा, म्हणजे झालं."

"नाही. इथे बसून बोलले ते इथेच बसून निस्तरीन."

सगळे गेल्यावर कानसेन माइक उतरवायला आत आला. बाई अजून बसूनच होत्या.

"आवाज ठीक होता ना?" त्यांनी नेहमीसारखे विचारले.

"एका ठिकाणी फार खाली गेला होता, बाई. मी वर घेतला."

"कुठे?"

"'मी चुकले' म्हणालात तिथे."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. "कुठे राहता तुम्ही?" त्यांनी विचारले. त्याने गल्लीचे नाव सांगितले. त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

मित्रांनो, शाळेचा तो धडा अजून बदललेला नाही. बाई त्यासाठी खेटे घालत आहेत आणि संपादक गुरुवारी दरवानाविरुद्ध मोठ्या हौसेने लढत आहेत. मीही आहे तिथेच आहे. मला सोडवा, असे मी म्हणणार नाही. स्क्रू गंजले आहेत, ते काढायला जाल तर पायच मोडतील. मागणे आहे ते दुसरे. तुमच्या वर्गात 'दरवानीण' या हाकेला मान खाली घालणारी एक मुलगी असेल. तिचे नाव काय ते विचारा आणि त्या नावाने तिला खेळायला बोलवा. मोठ्यांचा वाद मिटायला वेळ लागेल. तुम्ही तोवर थांबायचे काही कारण नाही.