दाओताईंची पाच तारीख

गर्भाशयाच्या अस्तरातली गाठ कशात नीट दिसते, यावर व्हिएतनाममधल्या आमच्या कान थोच्या दवाखान्यात डॉक्टर थिएन आणि त्यांची पुतणी डॉक्टर हान यांचं कधी जमलं नाही. काकांना दुर्बिणीशिवाय काही पटत नाही. हान पाण्याच्या सोनोग्राफीची भक्त. बारीक नळीने आत मिठाचं पाणी सोडायचं, भिंती बाजूला झाल्या की गाठ उठून दिसते. मी इथली नर्स. यांची भांडणं ऐकून अर्धी डॉक्टर झाले आहे.

दाओताई होडीतून भोपळे विकतात. लग्न चाळिशीत झालेलं. साध्या सोनोग्राफीत त्यांचं अस्तर चांगलंच जाड दिसलं.

"गाठ काढली की मूल राहील ना हो?" त्या सारखं हेच विचारत होत्या.

"पाळी कधी आली?" हानने विचारलं.

"पाचला."

"आज अकरा. पाळी नुकतीच झाली, म्हणजे आत्ता अस्तर पातळ हवं. गाठच असणार."

"असणार?" काकांनी नाक मुरडलं. "दुर्बीण घाल, सोक्षमोक्ष लागेल."

"काका, चष्मा हरवला तरी तुम्ही दुर्बिणीनेच शोधाल!"

शेवटी हानचा हेका चालला. मी पाण्याने भरलेली सिरिंज पुढे केली. दाओताई छताकडे बघत म्हणाल्या, "या वेळची पाच परवाच झाली, पण पाळी आलीच नाही. गाठीने अडवली असेल, नाही?"

हानचा हात थांबला. "परवा? परवा नऊ होती."

"ती तुमची. मी चंद्राची सांगते. माझी पाळी चंद्राला कधी चुकत नाही."

आमच्याकडे प्रत्येक कॅलेंडरवर मोठ्या आकड्याखाली चंद्राची तिथीही असते, आणि होडीवरच्या बायका तीच धरतात. हे लहान पोरालाही ठाऊक. तरी दोन शहाण्यांना सुचलं नाही, आणि मला तिसरीलाही नाही. ताईंची पाच म्हणजे गेल्या चांद्र महिन्यातली; पाळी येऊन महिना उलटला होता.

काकांनी दिवस गेलेत का ते बघायची लघवीची पट्टी काढून दिली. तिच्यावर दोन रेघा उमटल्या. मी सिरिंज मागे घेतली; ते पाणी आत गेलं असतं, तर गर्भालाच धोका होता.

"अजून फार लवकर आहे, ताई," हान घाईघाईने सांगू लागली, "पुढे पुन्हा बघावं लागेल..."

दाओताईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं. "पाणी आत गेलं नाही ना?"

"एक थेंबही नाही."

त्यांनी सिरिंज माझ्याकडून घेतली, उजेडात धरून पाणी काठोकाठ आहे का ते स्वतः बघितलं, आणि मगच रडायला लागल्या.