मी खुंटा गल्लीचा खुंटा

मी एक जुना खुंटा आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर आता पुरता खुंटाही उरलो नाही. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. तिच्या तोंडाशी डांबरातून बोटभर वर आलेलं एक लाकूड तुमच्या अंगठ्याला ठेच लावतं, ते मी. ठेच लागली की तुम्ही मला शिव्या घालता. घाला, मला सवय आहे. पण एकदा खाली वाकून बघा आणि माझं थोडं ऐका. मैनाबाई नावाच्या एका बाईने मला एक काम सांगून ठेवलं होतं. ते माझ्या हातून झालं की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मी मूळचा उमरेडकडच्या रानातला बाभळीचा बुंधा. झाड होतो तेव्हाही एकाच जागी उभा असायचो, पण निदान फांद्या हलायच्या, पाखरं यायची-जायची. साठ सालच्या आसपास मला तोडलं, सोललं आणि बैलगाडीत घालून नागपूरला आणलं. तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रवास. वाटभर मी आनंदात होतो, कारण मला वाटलं होतं की आता आपली गाडी होणार, नाहीतर नांगर होणार. पण गल्लीतल्या विणकरांनी माणसाच्या छातीइतका खड्डा खणला, मला त्यात उभं केलं, भोवती दगड ठोकले आणि माती घालून वर नाचले. माझी हौस तिथेच जिरली.

माझं काम काय, ते सांगतो. साडीचं उभं सूत, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाची खळ पाजावी लागते. त्याला पाजणी म्हणतात. ताणा घरात मावत नाही, तो गल्लीभर लांब असतो. त्याचं एक टोक पलीकडे लहानू नावाच्या विणकराच्या घरासमोरच्या दगडी कडीला आणि दुसरं टोक माझ्या गळ्याला. मध्ये बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या टेकूंवर, सूत तरंगत असे. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून उजाडताच दोन्ही बाजूंनी खळीचे कुंचे चालू होत. ही एका घराची गोष्टच नव्हती. आज याचा ताणा, उद्या त्याचा, पण हात सगळ्या गल्लीचे. ज्याला वेळ असे तो तुटलेला धागा जोडत उभा राही, आणि ज्याला वेळ नसे तोही उभा राही.

ताणा लागला की गल्ली बंद. दूधवाला सायकल हातात धरून भिंतीच्या कडेने जायचा. नवरदेवाची वरात आली तरी तिने दुसऱ्या रस्त्याने जावं, इतका आमचा तोरा. फक्त एकाच गोष्टीसाठी ताणा वाट देई, ती म्हणजे तिरडी. तेव्हा माझा दोर थोडा ढिला करत, दोन्ही बाजूंची माणसं हात वर करून अख्खा ताणा डोक्यावर उचलत आणि तिरडी त्याखालून जाई. गल्लीने आपल्या माणसाला झाकून पाठवलं, असं मानायचे. माझ्यामुळेच या गल्लीला खुंटा गल्ली म्हणू लागले. टांगेवाल्याला एवढं नाव सांगितलं की पुरे.

मी गाडला गेलो त्याच उन्हाळ्यात मैनाबाई बाबनरावांशी लग्न होऊन या गल्लीत आली. तीही उमरेडची. नव्या सुनेने पहिल्या पाजणीला खुंट्याला हळदकुंकू लावायचं, अशी इथली रीत होती. ते लावताना मैनाबाई हळूच म्हणाली, "तू बी उमरेडचा, मी बी उमरेडची. आता दोघं बी अथीच गाडलो गेलो, बा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी एकटाच अडकलेलो नाही, हे कळलं की अडकलेल्याला थोडी हवा मिळते.

पुढची वर्षं कामाची आणि कौतुकाची गेली. माझ्या गळ्याला दोराचे वळ पडले, खळीने अंग पांढरं झालं. सणाच्या आधी तर दम घ्यायला फुरसत नसे. मी कुरकुर करायचो, पण ती लाडाची कुरकुर होती. मग बाजारात यंत्रमागाच्या स्वस्त साड्या आल्या आणि गल्लीतला एक एक माग थंड पडत गेला. बाबनराव मात्र हट्टाने विणत राहिले. मुलगा ईश्वरदास शिकून कचेरीत चिकटला, तरी बापाने धोटा सोडला नाही.

एका सकाळी लहानूचा ताणा लागलेला असताना बाबनराव गेले. ईश्वरदासचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. त्याची बायको पुष्पलता नरखेडकडची. तिच्या वडिलांनी माग कधीच सोडून संत्र्याच्या बागेत मुकादमी धरली होती, त्यामुळे पोरीने पाजणी पाहिलेली नव्हती. तिरडी निघाली तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. पुष्पलता बावरून बाजूला उभी होती.

"हात लाव वं, पोरी," कुणीतरी म्हणालं. "खाली येऊन राहिला ताणा."

तिने हात लावला. ओल्या सुतातून खळीचे थेंब बाबनरावांच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर पडले. ईश्वरदास ते पुसायला गेला, तर लहानूने त्याचा हात धरला. "पडू दे गा. ज्यानं जलमभर खळ लावली, त्याले जाता जाता खळच लागंन." पुष्पलता नंतर किती तरी वेळ हात धूत बसली होती, आणि धुता धुता रडत होती.

माणसं घाटाकडे गेल्यावर मैनाबाई माझ्यापाशी आली. माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाली, "माह्या वेळी बी असाच ताणा धरजो, बा. मले उघडी नको पाठवजो."

मित्रांनो, हेच ते काम. मला तोंड असतं तर मी हो म्हटलं असतं. तोंड नव्हतं, तरी मनातून मी शब्द देऊन बसलो.

आणि त्यानंतर गल्लीला उतरती कळा लागली. शेवटचा माग लहानूचा, तोही बंद झाला. घरं व्यापाऱ्यांनी गोदामांसाठी घेतली. जिथे सूत वाळायचं तिथे पोती आणि खोक्यांचे ढीग आले. नाली तुंबली की दोन दोन दिवस वास जायचा नाही. सीताबर्डीची चकचकीत दुकानं पाहून आलेली पोरं म्हणायची, "आपल्या अथी काय ठेवलं हाय?" ईश्वरदास कचेरीत कुणी विचारलं तर 'महाल भागाजवळ राहतो' एवढंच सांगायचा, गल्लीचं नाव घ्यायचा नाही. सोयरिकी जुळेनात म्हणून तरुणांनी गल्लीच्या तोंडाशी 'नवप्रभात नगर' असा बोर्ड लावला. रिक्षावाले तो वाचायचे आणि विचारायचे, "हे खुंटा गल्लीच्या कोणत्या बाजूले आलं?" मी मनातल्या मनात खूप हसायचो.

हसू फार दिवस टिकलं नाही. गोदामांकडे येणाऱ्या गाड्या माझ्यामुळे अडू लागल्या. दोर बांधायला कुणी येत नव्हतं, लाथ मारायला मात्र सगळे येत. उन्हात उभा, पावसात उभा, कुठे पळून जायची सोय नाही. पान खाऊन कुणी माझ्यावर पिंक टाकली तर ती पुसायला हात नाही. कामात होतो तेव्हा गाडलेपण जाणवत नव्हतं. काम सुटलं आणि माती गळ्याशी आली. माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, मैनाबाईच्या वेळी काय करायचं? ताणा नाही, कुंचे नाहीत, कैच्या चुलीत गेल्या. मी नुसता उभा राहून काय धरणार होतो?

पुष्पलतेवर तुम्ही रागावू नका. एका खोलीत संसार, निम्म्या जमिनीत मागाचा खड्डा, खिडकी उघडली की समोर गोदामाची भिंत. संत्र्याच्या मोकळ्या बागेत वाढलेली बाई ती. एकदा दारात उभी राहून सासूला म्हणाली, "आत्याबाई, अथी माहा जीव घुसमटते. हे घर नाही, तुरुंग हाय." मैनाबाई रागावली नाही. "मले बी पहिल्यानं तसंच वाटे वं," एवढंच म्हणाली.

मग रस्ता डांबरी करायचं ठरलं. गल्लीतल्याच लोकांनी सह्या करून माझी तक्रार केली होती, ज्यांचे ताणे मी धरले त्यांनीच. मजूर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सुटलो एकदाचा, वाटलं! पण आमच्या जुन्या माणसांनी दगड असे ठोकले होते की सब्बल वाकली, मी हललो नाही. शेवटी मुकादमाने करवत मागवली.

मैनाबाई धावत आली. "मुळापासून काढा, नाही तं राहू द्या! अर्धा काहून कापून राहिले गा त्याले?"

"माय, रस्ता आजच व्हायले पायजे," मुकादम म्हणाला. तोही पोटासाठीच आला होता. त्याने टीचभर बुडखा ठेवून मला कापलं. वरचा तुकडा मैनाबाईने उचलून घरात नेला. खालचा मी इथे राहिलो, चारही बाजूंनी तापलेलं डांबर ओतून घेत. त्या दिवशी मला गाडलेपणाचा खरा अर्थ कळला.

ईश्वरदासने प्रताप नगरला लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलं. सामान हातगाडीवर चढलं. मैनाबाई ओट्यावरून उठायला तयार होईना.

"चाल न माय," ईश्वरदास कळवळून म्हणाला. "अथी आपलं कोन राहिलं?"

"येतो बा, येतो. पन माही एक गोष्ट ठेव. शेवटी मले याच गल्लीतून ने."

"नेईन," तो म्हणाला. ती हातगाडीच्या मागे चालत गेली. माझ्यावरून जाताना तिने चप्पल काढली, मला पाय लागू नये म्हणून वळसा घातला, आणि गेली.

पुढे संक्रांतीला, दिवाळीला ती लहानूच्या घरी यायची. माझ्या शेजारी टेकून सांगायची, "तुहा वरचा तुकडा अंगनात गाडला, कपड्याची दोरी बांधाले. शेजारची बाई पुसते, हा कोनता देव हाय?" हसायची आणि मग पदराने माझ्यावरची धूळ झटकायची. "मोठं घर हाय, हवा हाय. पन सकाळी कोनी हाक मारत नाही. माह्यं बी तुह्यासारखंच झालं, पाय अथी अन् बाकीची तथी." तिथेही ती अडकलीच होती. मला तिची समजूत घालता आली असती तर!

आणि एका उन्हाळ्यात, सकाळीच, गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. ईश्वरदासने शब्द पाळला होता. तिरडी खाली उतरवून खांद्यावर घेतली. पुष्पलताही आली होती. गोदामांची हमाली चालू होती, पोती चढत होती. गल्लीत जुनी माणसं मोजकीच उरलेली, ती भिंतीच्या कडेला येऊन उभी राहिली. मी डांबरात रुतलेलो. माझ्या गळ्याला दोर नाही, कारण मला गळाच नाही. समोर नुसती रिकामी हवा. उघडीच निघाली मैनाबाई, मला वाटलं, आणि मला माझी फार लाज वाटली.

तिरडी माझ्यापाशी आली आणि पलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या लहानूचे हात वर गेले.

त्याने ठरवून केलं नसावं. बोटं अशी धरलेली की वर काहीतरी ओलं, जड आहे. त्याच्या शेजारच्याचे हात वर गेले, मग समोरच्या भिंतीकडच्यांचे. ज्यांनी माझ्या तक्रारीवर सह्या केल्या होत्या त्यांचेही. हमाल पोतं पाठीवर घेऊन थांबले. खांदा देणाऱ्या तरुणांना काही कळेना, पण पुढे चालणाऱ्या ईश्वरदासने मान खाली घातली, ताण्याखालून जाताना घालायची तशीच. सगळ्यांत शेवटी माझ्या अगदी जवळ उभ्या असलेल्या पुष्पलतेने हात वर केले.

"नीट धरा गा," ती रडत म्हणाली. "खाली येऊन राहिला."

तिरडी त्या हातांखालून गेली. वर सूत नव्हतं, खळ नव्हती. पण मातीत, दगडांत, अगदी खाली जिथे मी अजून पुरा आहे तिथे मला दोराची जुनी ओढ लागली, आणि मी सगळ्या जोराने धरून ठेवलं. मी खरंच काही धरलं का, की मला नुसतं तसं वाटलं, ते तुम्ही सांगा.

मी इथेच आहे, मित्रांनो. मला काढा असं आता म्हणत नाही, आणि माझी पूजा करा असंही म्हणत नाही. गल्लीचा नवा बोर्ड गंजला, त्याचंही मला काही नाही. एवढंच सांगतो, तुमच्या वस्तीत कुठल्या लाकडाला, कुठल्या दगडाला ठेच लागली तर शिवी देण्याआधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे इथे काय धरून उभं होतं. आणि तुमच्या घरातलं कुणी जुन्या जागेचं नाव घेऊन गप्प झालं, तर त्यांना एकदा तिथे घेऊन जा. चालतं बोलतं असतानाच घेऊन जा.