धोंडिबाच्या अंगणातला वळसा

भीमराव रामटेक्यांना डोळे बांधून पोत्यात घातलं, पोतं बैलगाडीतून तीन गावं फिरवलं आणि चौथ्या गावच्या विहिरीत सोडलं, तरी वर येताच ते आधी उत्तर दिशा दाखवतील आणि मग टॉवेल मागतील, अशी भूमी अभिलेख खात्यात त्यांची ख्याती होती. पोत्याचा प्रयोग कोणी केला नाही, पण म्हशीची गोष्ट वेल्ह्याकडे आजही सांगतात. रानात चुकलेली एक म्हैस भीमरावांची जीप दिसताच मुकाट्याने तिच्यामागे लागली आणि तीन मैल चालून गावात पोचली. कोणाच्या मागे जावं हे जनावराला बरोबर कळतं.

जीप मात्र भीमरावांची नव्हती. ती होती बद्रीनाथ ढमाल्यांची. बद्रीशेठ म्हणजे मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे आडते. भंडाऱ्याहून नोकरीसाठी पुण्यात आलेले मोजणीदार भीमराव पंचवीसेक वर्षांपूर्वी शेठच्या मुळशीकडच्या जमिनीची मोजणी करायला गेले, आणि तुमचं कुंपण शेजाऱ्याच्या बांधात दीड हात घुसलंय, असं शेठच्या तोंडावर सांगून मोकळे झाले. असं सांगणारा माणूस शेठना जन्मात भेटला नव्हता. त्यांनी कुंपण मागे घेतलं आणि मोजणीदाराला जीपमध्ये घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी शेठ गाडी चालवायचे आणि भीमराव डावीकडच्या सीटवर बसून वाट सांगायचे. नकाशात आहेत पण जमिनीवर नाहीत अशा वाटा, जमिनीवर आहेत पण नकाशाला ज्यांचा पत्ता नाही अशा वाटा, सगळ्या त्यांच्या डोक्यात. जागोजागी त्यांनी स्वतःची नावं दिलेली होती. रडकं वळण, जावयाचा चढ, शालनचं पाणी. शालन ही त्यांची बायको. ती एकदाच सोबत आली, पानशेतच्या मागच्या एका झऱ्यावर तिने चहा केला, आणि कसलाही सातबारा न निघता तो झरा तिच्या नावावर चढला.

दोन वर्षांपूर्वी भीमरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा बरा झाला, पण हलत्या गाडीत नकाशाची बारीक अक्षरं नाचायला लागली. त्याच सुमारास बद्रीशेठचा फोन आला, की गुडघे गेले साहेब, क्लच दाबवत नाही, आता रविवार बंद. भीमरावांनी हे ऐकून घेतलं आणि मनाशी भलताच निष्कर्ष काढला. शेठचे गुडघे निमित्त आहेत, खरं कारण आपला डोळा. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा भला माणूस स्वतःचे गुडघे पुढे करतोय.

दोन वर्षं रविवार वारज्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे बघून काढल्यावर त्यांनी ठरवलं, आपण जीपीएस घ्यायचा. मोठ्या अक्षरांचा. तो हातात घेऊन शेठसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, डोळ्याची सोय झाली, आता गुडघ्याचं बोला. त्यांना यंत्राची हौस नव्हती. त्यांना ती डावीकडची सीट परत हवी होती.

निकिता, त्यांची मुलगी, हिंजवडीला नोकरी करते. ती म्हणाली, बाबा, फोनमध्ये मॅप असतो.

"पानशेतच्या मागे रेंज असते का?"

"नसते."

"मग फोनमध्ये काय असतं?"

मॅप आधीच डाउनलोड करता येतो, हे तिने समजावून पाहिलं. भीमरावांनी फोन उन्हात धरायला लावला. काचेत मॅप दिसेना, निकिताचंच तोंड दिसलं. विषय मिटला.

मग सुरू झाला शोध. नव्या यंत्रांच्या किमती ऐकून भीमरावांनी दोन दुकानांत पाणी मागून प्यायलं. पेन्शनीत बसेल असंच हवं, पण हलकंसलकं नको. त्यांच्या अटी ठरलेल्या. भर उन्हात पडदा वाचता यावा. सेल साधे असावेत, खेड्यातल्या किराणा दुकानात मिळणारे. चिखलाच्या हाताने दाबता येतील अशी बटणं हवीत. ओढ्यात पडलं तर पोहता आलं नाही तरी चालेल, पण मरू नये. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे दगडाची परीक्षा.

वारज्यात जिथे आता एका सोसायटीचं पार्किंग आहे, तिथे भीमरावांनी उमेदीच्या काळात हद्दीचा दगड रोवला होता. सोसायटीने त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. त्या दगडाचे अक्षांश-रेखांश भीमरावांना पाढ्यासारखे पाठ. जो कोणी यंत्र विकायला येईल त्याला ते तिथे नेत, वॉचमनकरवी कुंडी हलवत आणि यंत्र दगडावर ठेवत. एका विक्रेत्याचं यंत्र बारा मीटर चुकलं. तो म्हणाला, काका, बारा मीटर म्हणजे काहीच नाही.

"तुमच्या पुण्यात नसेल," भीमराव म्हणाले. "आमच्या खात्यात बारा मीटरवर तीन पिढ्या कोर्टात जातात."

अशी पाच यंत्रं त्या दगडावर नापास झाली. सहावं आणलं रोहनने. रोहन हा निकिताच्या ऑफिसातला, रविवारी डोंगरात जीप घालणाऱ्यांपैकी. यंत्र जुनं, कोपरे घासलेले, किंमत मात्र खिशाला झेपणारी. कुंडी हलली, यंत्र दगडावर बसलं आणि तीन मीटरांत आलं. भीमरावांनी पहिल्यांदा मान डोलावली. रोहनला वाटलं, सौदा पक्का करायला थोडं तूप घालावं.

"आणि काका, याच्यात एक्केचाळीस ट्रॅक फ्री आहेत. म्हणजे कोणी गाडी नेली की मशीन रस्ता लक्षात ठेवतं, तशी रेघ उमटते. हे रूट्स पुण्यात कोणाकडेच नाहीत. आमच्या ग्रुपचे मेन काका आहेत ना, त्यांचे पर्सनल. त्यांनी मोठं मशीन घेतलं, हे जुनं मला दिलं."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर रेघा उमटल्या आणि रेघांवर इंग्रजी अक्षरांत नावं. भीमरावांनी डोळ्याच्या डॉक्टरला मनोमन दुवा दिला होता तो त्याच क्षणी परत घेतला, कारण सगळं स्वच्छ वाचता येत होतं. रडकं वळण. जावयाचा चढ. शालनचं पाणी.

"हे काका कोण?" त्यांनी विचारलं.

"मार्केट यार्डवाले. बद्रीकाका. लेजंड माणूस आहे. सत्तरीला आलेत, पण रविवार चुकवत नाहीत. तेरा जीप त्यांच्या मागे असतात."

वॉचमन कुंडी हातात धरून उभा होता. ठेवू का, म्हणून त्याने दोनदा विचारलं. भीमराव त्या पडद्यावर नाक टेकवून एका रेघेकडे बघत होते. पानशेतच्या मागे ती रेघ सरळ चालली असताना मध्येच डावीकडे वळली होती, अर्धा मैल जाऊन एका ठिपक्यापाशी गोल फिरली होती आणि आल्या वाटेने परत मूळ रस्त्याला लागली होती.

इथे काय आहे, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. रोहन खुलला. ती तर ग्रुपची मोठी परंपरा. तिथे धोंडिबा नावाच्या म्हाताऱ्याचं घर आहे. तेराच्या तेरा जीप रांगेने त्याच्या अंगणात शिरतात, एक गोल चक्कर घेतात आणि परत जातात. का, ते कोणाला माहीत नाही. रूटचा भाग आहे, रेघ सोडायची नाही, असं बद्रीकाकांचं सांगणं. पहिल्या वेळी म्हातारा काठी घेऊन धावला होता. आता त्याने अंगणात चहा-ऑम्लेटची टपरी टाकलीय आणि चक्कर नीट गोल यावी म्हणून मधोमध चुन्याचा पट्टा मारलाय.

का, ते भीमरावांना माहीत होतं. सबंध पृथ्वीवर दोनच माणसांना माहीत होतं.

धोंडिबाकडे एक गावरान कोंबडा होता. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, त्यांच्या शेवटच्या रविवारी, भीमरावांनीच ऐनवेळी गाडी तिकडे वळवायला लावली होती. आज शालनला सुट्टी, कोंबडा मी करतो, असं म्हणून. धोंडिबाने असा भाव सांगितला की त्यात कोंबड्याबरोबर खुराडं आणि निम्मं घर यावं. दोघं हसत हसत जीप वळवून परत फिरले. त्या हसण्याची यंत्राने रेघ काढून ठेवली होती, आणि खाली तारीखही.

म्हणजे त्या दिवशी यंत्र जीपमध्ये होतं. सुरू होतं. आणि भीमरावांना आणखीही आठवलं. त्या दिवशी शेठ प्रत्येक वळणाला विचारत होते, साहेब, याला आपण काय म्हणतो? आणि त्याला? पंचवीस वर्षांनी आपला मित्र शाळकरी पोरासारखा विचारतोय, म्हणून भीमराव किती सुखावले होते. प्रत्येक नाव त्यांनी दोन-दोनदा सांगितलं होतं, सावकाश, नीट ऐकू जाईल असं.

यंत्र एक दिवसासाठी घरी ठेवतो, असं रोहनला सांगून ते निघाले. शालनने त्या संध्याकाळी दोनदा विचारलं, पास झालं का? पास झालं, असं म्हणून ते बाल्कनीत जाऊन बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मार्केट यार्डात पोचले तेव्हा बद्रीशेठ बटाट्याच्या ट्रकवर चढलेले होते, पोत्यांच्या थप्पीच्या थेट माथ्यावर, आणि हमालांना सूचना देत होते. भीमराव दिसताच ते ज्या चपळाईने खाली आले, ती पाहून पंचविशीतल्या हमालानेसुद्धा बाजूला व्हावं. जमिनीवर पाय टेकल्यावर त्यांना आठवण झाली. मग ते थोडे लंगडले.

"राहू द्या शेठ," भीमराव म्हणाले. "चांगले आहेत गुडघे. वापरा."

आणि त्यांनी यंत्र गाळ्यातल्या गादीवर ठेवलं.

शेठनी ते ओळखलं. माणसाला नाकारायचं असतं तेव्हा तो आधी चहा मागवतो. शेठनी चहा मागवला. तो आला, पण कोणी प्यायला नाही.

"कुठे ठेवलं होतं हे?"

"तुमच्या सीटखाली." शेठ गादीची शिवण चाचपत राहिले. "वर्षभर ठेवत होतो. जितके रविवार गेलो तितके."

एक्केचाळीस रेघांचा हिशोब तिथे लागला. भीमरावांना वाटलं होतं, तो एकच दिवस असेल. एका दिवसाचं माणूस काहीतरी समजून घेतो. वर्षभर ते त्या सीटवर बसून वाट सांगत होते आणि खाली त्यांच्या जागेवर बसायला दुसरं कोणी शिकत होतं.

"मागितलं असतंत तर वहीत लिहून दिलं असतं, शेठ. नकाशे काढून दिले असते."

"दिलं असतंत. आणि मग नकाशासोबत तुम्हीही आला असतात." शेठ आता वर बघून बोलत होते. "राग नका मानू साहेब. गाडी माझी, डिझेल माझं, आणि पंचवीस वर्षं गावोगाव लोक काय म्हणायचे? रामटेकेसाहेबांची जीप आली. मला पोरं विचारायची, डायवरकाका, साहेब कुठे गेले? एक वळण चुकलो की तुमचा टोमणा. यंत्र चुकलेलं बघून गप्प बसतं, नवी वाट काढतं, बस. आता तेरा गाड्या माझ्या मागे येतात. मला या वयात ते पाहिजे होतं."

"हे मला सांगायला हवं होतंत."

"तुम्हाला? तुम्ही सांगता साहेब. ऐकता कधी?"

ते खरं होतं, तरी त्याने भीमरावांचं दुःख तसूभर कमी होईना. म्हणून मग त्यांना राग येऊ लागला. तो अजून ओठांपर्यंत पोचला नव्हता, तेवढ्यात शेठनी तो चहा त्यांच्यापुढे सरकवला आणि आवाज मऊ केला. जे झालं ते झालं, येत्या रविवारी चला. पुढे माझ्याशेजारच्या सीटवर मोठं यंत्र असतं, तिथे नाही जमायचं, पण रोहनच्या गाडीत मागच्या सीटवर जागा आहे.

मग शेठनी खिशातून चष्मा काढला, गादीशेजारी ठेवलेलं ते मोठं यंत्र उचललं आणि पडद्यावर एक जागा दाखवली.

"साहेब, एक विचारू? शालनवहिनींच्या पाण्याच्या पुढे वाट दोन ठिकाणी फुटते. त्या दिवशी ऊन कललं होतं, तुम्ही म्हणालात पुढच्या वेळी नेतो. माझी रेघ तिथेच संपते. या रविवारी ग्रुपला तिथून पुढे न्यायचंय, बायकापोरं येणार आहेत. डावी घ्यायची का उजवी?"

भीमरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. खरंच विचारत होता.

डावी वाट दिसायला रुंद, सपाट, हिरवळ अंथरलेली. उन्हाळ्यातसुद्धा त्या हिरवळीखाली धरणाचा गाळ असतो. एकदा एक ट्रॅक्टर तिथे रुतला तो इतका खोल, की तो दिसेनासा झाल्यावरही दोन दिवस त्याचा हॉर्न ऐकू येत होता म्हणतात. भीमरावांच्या जिभेवर 'डावी' हा शब्द घोळला. फक्त म्हणायचं आणि घरी जायचं. रविवारी तेरा जीपांसमोर मेन काका बोनेटपर्यंत गाळात, आणि यंत्र गप्प. या कल्पनेने त्यांना कालपासून पहिल्यांदा बरं वाटलं. शेठचं बोट पडद्यावर थांबलेलं होतं.

खात्यात असताना कुऱ्हाडी घेतलेले भाऊ दोन्ही बाजूंना उभे राहिले, पाकिटं आली, आमदाराचे फोन आले. चुकीची हद्द त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती.

"उजवी," ते म्हणाले. तोंडातून शब्द गेल्यावर त्यांचा त्यांनाच संताप आला. पण अर्धवट सांगणंही जमेना. "डावीकडे गाळ आहे. उजवीकडेही पहिला चढ निसरडा आहे, पोरांना खाली उतरवून चालवत न्या. वर गेल्यावर मोठं जांभळीचं झाड लागेल. तिथून मग सोपं आहे."

"त्या चढाला काय म्हणता?"

"काही नाही म्हणत. तुम्ही द्या नाव."

शेठ मान खाली घालून एकेक अक्षर यंत्रात भरू लागले. भीमरावांनी गाळ्याबाहेर येऊन चपला घातल्या. मागून शेठनी विचारलं, मग रविवारी रोहनला किती वाजता पाठवू?

"आता कशाला?" भीमराव म्हणाले. "सगळं आलं की तुमच्याकडे."