वेसाव्याच्या ओट्यावरची घावनं

वेसाव्याच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी फळी घेऊन लाटांवर उभं राहायला शिकणारी बरीच मंडळी येतात. उभी किती जण राहतात ते विचारू नका. बहुतेक वेळ ती तोंडावर आपटत असतात. पण सकाळभर खारं पाणी पिऊन बाहेर आलेल्या माणसाला जी भूक लागते, तिला तोड नाही. आणि नेमकं तेव्हा जवळपास बसून खाण्यासारखं काही नसायचं. ओल्या कपड्यांनी रिक्षा पकडायची, लोखंडवाल्यात जायचं आणि गारढोण टोस्टसाठी ताटकळायचं.

वनमाला सावंतने हे बरोबर हेरलं होतं. माहेर-सासर कणकवलीकडचं, संसार अंधेरीचा, आणि हातची घावनं अशी की सोसायटीतले गुजराती शेजारीही आधी सांगून ठेवायचे. हवी होती फक्त जागा. जागा होती पुतळाबाई कोळिणीची. कोळीवाड्याच्या टोकाला, समुद्राकडे तोंड केलेला ऐसपैस ओटा. पण त्यावर चंद्रप्रकाश नावाच्या हॉटेलवाल्याचाही डोळा होता. त्याला तिथे काचा लावून ब्रंचचं दुकान थाटायचं होतं.

पुतळाबाईंनी दोघांना समोरासमोर उभं करून सुनावलं, "या रविवारी ही वनमाला शेगडी मांडंल. दुपारपर्यंत माझा ओटा भरलेला दिसला, तर दर रविवारी हिचा. नाय दिसला, तर चंद्रप्रकाश, तुझा. बात खतम."

वनमालाने तयारीत काही कसर ठेवली नाही. काळ्या वाटाण्याची उसळ झाली, ओल्या खोबऱ्याची चटणी झाली, तांदळाचं पातळ पीठ डब्यात भरलं. पोरांना फळीवर उभं राहायला शिकवणारा मिहिर म्हणाला, "काकू, पाण्यातून बाहेर आले की सगळ्यांना तुमच्याकडेच पाठवतो." आता फक्त शेगडी पेटवायची होती.

रविवारी ओट्यावर तिने पिशवीतून सासूचा बिडाचा तवा काढला आणि उजेडात धरला. वर्षानुवर्षांच्या तेलाने काळाकुळकुळीत झालेला तवा राखाडी, कोरडा, उघडा पडला होता.

"अहो, ह्यां काय केल्यात?"

"घासलंय गो," बाळा छाती काढून म्हणाला. हा तिचा नवरा, नुकताच नोकरीतून रिटायर झालेला, आयुष्यात पहिल्यांदाच स्वयंपाकघरात मदतीला शिरलेला. "तारेच्या घासणीन घासलंय. काय घाण होती त्येच्यार!"

"ती घाण न्हय! तां तुमच्या आवशीच्या हातचां तेल होतां!"

बाळाचा चेहरा पडला. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल की बिडाचा तवा घासायचा नसतो, नुसता पुसायचा असतो. पण बाळा कोकणातला असला, तरी तव्याच्या या बाजूला कधी आलाच नव्हता.

पहिलं घावन असं चिकटलं की उलथन्याने खरवडावं लागलं. दुसऱ्याच्या चिंध्या झाल्या. तेवढ्यात पोरं पाण्यातून बाहेर पडून ओट्याकडे येऊ लागली. पुतळाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. वनमालाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट हातात आली होती आणि घरच्याच माणसाने तिची वाट लावली होती. घटकाभर तिला वाटलं, आवरावं आणि निघावं.

मग तिला राग आला, आणि राग आला ते बरंच झालं.

"बसा हय!" तिने अर्धा कांदा काट्याला टोचून नवऱ्याच्या हातात दिला. "तेलात बुडवा आणि तव्याक चोळा. मी थांबा म्हणीपर्यंत."

बाळा चोळायला बसला. धूर निघाला, कांदा डोळ्यांना झोंबला, गालांवरून पाणी वाहू लागलं. भुकेली मंडळी भोवती जमली. "काका रडतायत का?" कोणीतरी विचारलं.

"मी तवो घासलंय," बाळाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

जान्हवी नावाची एक मुलगी, केसांतून अजून पाणी गळत असलेली, जोरात ओरडली, "अगं बाई! माझ्या बाबांनी पण सेम केलेलं! आजी महिनाभर बोलली नव्हती त्यांच्याशी!" मग तिने बाकीच्यांना तव्याची महती समजावली आणि हां हां म्हणता सगळा घोळका शेगडीला चिकटला. वनमालाने फाटक्या घावनांचे तुकडे गरम उसळीत टाकून वाट्या फिरवल्या. "तोपर्यंत ह्या खावा. तवो रुसलोहा, पण ऐकतलो." वाट्या पुसून परत आल्या. कोणी जागचं हललं नाही.

तवा पुन्हा काळपट दिसू लागला तेव्हा तिने बाळाला बाजूला केलं. कडेने पीठ ओतत तव्याच्या मध्यापर्यंत आली. चर्रर्र आवाज झाला. पिठाला जाळी पडली. तिने झाकण ठेवलं, काढलं, आणि कड बोटाने उचलून पाहिली.

घावन सुटलं. अख्खं, पांढरंशुभ्र, वाऱ्याने हलणारं.

ओट्यावर जो गलका झाला, तो ऐकून जाळी विणत बसलेले कोळीही उठून आले. वनमालाला हसूही येत होतं आणि रडूही. ते घावन जान्हवीने घेतलं, पुढचं मिहिरने, आणि मग हाताला उसंत मिळाली नाही. पुतळाबाई आत गेल्या आणि सुकटीच्या चटणीचं भांडं घेऊन आल्या. "खोबऱ्याची चटणी पोरांना दे. माझ्या माणसांना ही दे," म्हणाल्या, आणि स्वतःच वाढायला उभ्या राहिल्या.

भर दुपारी चंद्रप्रकाश आला. ओट्यावर माणूस माणसाला खेटून बसला होता. पायऱ्या भरल्या होत्या, खाली उलट्या ठेवलेल्या फळ्यांवरही लोक ताटल्या घेऊन बसले होते. त्याने बघितलं, वास घेतला, आणि निमूटपणे रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा वनमालाने डबा कलता करून दाखवला.

"पीठ संपलं, शेठ. पुढच्या रविवारी या."

"पण लवकर ये हां," पुतळाबाई म्हणाल्या. "माझ्या ओट्यावर हिच्याकडे फार गर्दी असते."