खालच्या घराचं दूध

टीं!

आम्ही चौघं हात जोडून पातेल्याभोवती उभे होतो. साय फुगून अगदी काठाला आली होती. नेमकी तेव्हाच इंडक्शनची शेगडी वाजली, बंद पडली, आणि दूध निमूट खाली बसलं.

"परत?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, उतरतो. आणि उतरला की काळजी करायची. "दोनदा झालं, रवी. जागेलाच नको असेल. सरी, बिडू." राहू दे म्हणाल्या.

येलहंक्यातला आमचा साइट, म्हणजे प्लॉट, वीस बाय तीस फुटांचा. आता इथे तेवढ्या जमिनीचाही भाव ऐकून लोक गप्प होतात. जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा पहिल्या मजल्यावर माझे दीर गिरीधर, जाऊ आणि सासूबाई, त्यावर भाडेकरू, खाली गाडी असं ठरलं. आजूबाजूला सरकायला जागाच नव्हती, म्हणून गाडीच्याही खाली खणलं. निम्मं जमिनीत, निम्मं वर. सामानासाठी केलेल्या त्या दोन खोल्यांत मग मी, माझा नवरा रविकिरण आणि आमची मेघू राहायला आलो. गृहप्रवेशाचं दूध वरच्या मजल्यावर उतू गेलं होतं. खाली कुणी काहीच केलं नाही. सामानाच्या खोलीचा कसला गृहप्रवेश? सासूबाई तर अजूनही "खाली गोडाऊनात" म्हणतात.

मला मात्र आवडतं इथे. भिंतीपलीकडे पाण्याचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकली की गार वाटतं. छताशी रस्त्याच्या पातळीला एक आडवी खिडकी आहे. तिच्यातून सकाळी ऊन येतं आणि दिवसभर लोकांचे पाय.

आता सासूबाईंचे गुडघे त्यांना जिना चढू देत नाहीत. म्हणून एकतर त्यांनी आमच्याकडे यायचं; उतरायला मोजक्याच बुटक्या पायऱ्या. नाहीतर सर्जापूर रोडला माझ्या नणंदेकडे, अनुषाकडे, लिफ्टच्या फ्लॅटमध्ये. "अम्माला पाठवा ना आता," तिचा रोज फोन. पण शहराच्या त्या टोकाला गेल्या की भेट फक्त सणावारी. शाळेतून आलेल्या मेघूच्या गोष्टी मग कोण ऐकणार? घरी असून मी हेडफोन लावून ऑफिसात. सासूबाईंची अट एकच: दूध उतू न गेलेल्या जागी त्या निजणार नाहीत.

"वरून गॅस आणू का?" रविकिरण म्हणाला.

"इथे नको," मी म्हटलं. "गळला तर खालीच साचून राहील."

"सरी, चलते मी," म्हणत सासूबाई वळल्या. मेघूने त्यांचा पदर धरला.

"अज्जी, पाय तरी बघून जा."

"कुणाचे गं?"

"सगळ्यांचे!"

तिने त्यांना ओढत नेऊन खिडकीसमोरच्या पलंगावर बसवलं. एरवी त्या पायरीवरूनच डबा देऊन जायच्या. इथे टेकल्या त्या आजच. अर्धवट तापलेलं दूध नासायला नको म्हणून मी पातेलं पुन्हा ठेवलं, सवयीने माझं रोजचं बटण दाबलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"हे निळे बूट जिमवाल्या काकांचे. हे कुत्र्याचे, याला नाव नाहीये. आणि हे फुलवाल्या अज्जीचे."

सासूबाई पुढे झुकल्या. "अय्यो, ही तर ठकुबाई! लग्न होऊन आली तेव्हापासून डावी टाच घासत चालते." आणि त्या खिडकीकडे तोंड करून ओरडल्या, "ठकू! मल्लिगेचा गजरा आहे का?"

पाय थबकले. इकडे वळले, तिकडे वळले. मग खिडकीत एक चेहरा उतरला, जवळजवळ उलटा.

"शारदक्का? तुम्ही कुठं शिरलात हो?"

"शिरते कशाला? घरात आहे की, माझ्या नातीच्या!"

ठकुबाई एवढी हसली की टोपलीतला गजरा घसरून खिडकीत लोंबला. तो धरायला आम्ही सगळेच धावलो, आणि पाठीमागे चर्र झालं.

दूध पातेल्यावरून, शेगडीवरून, ओट्यावरून फरशीवर. शेगडी चीं चीं ओरडून बंद पडली.

"तू कुठलं बटण दाबलंस?" रविकिरणने विचारलं.

"रोजचं. तुम्ही?"

"दूध होतं म्हणून... दुधाचं."

"अहो, ते दूध उतू जाऊ नये म्हणूनच असतं!"

"घ्या, इंजिनिअर," सासूबाई म्हणाल्या. "त्या शेगडीला जास्त कळतं." त्यांचं लक्ष मात्र फरशीवर होतं. दुधाचा ओघळ हळूहळू खिडकीखालच्या उन्हाच्या पट्ट्याकडे निघाला होता. "स्वल्प वाकडं आहे, पण पूर्वेलाच जातंय." त्यांनी हात जोडले. "रवी, गिरीधरला सांग, माझी गादी खाली आण म्हणावं."

मी फडकं घेतलं.

"लगेच पुसू नको गं. राहू दे जरा."

"का, अज्जी?" मेघू ओघळाशेजारी उकिडवी बसली होती. "दूध उतू गेलं की काय होतं?"

"जागेचं घर होतं, पुट्टी."

मेघूने त्या ओघळाकडे पाहिलं, तिच्या चित्रांनी भरलेल्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग आई, इतके दिवस आपण कुठे राहत होतो?"