छायाबाबाच्या फोटोत विरघळलेली सून

चांदूर बाजारजवळच्या त्या गावात मारुतीच्या पारावर सकाळपासून झुंबड उडाली होती. छायाबाबा घरातली दोन माणसं उभी करायचे, एक पुढं, एक मागं. चेला फोटो काढायचा. ज्याच्यावर करणी, तो फोटोत विरघळतो, असं बाबा सांगत.

पार्बताबाईंच्या मागं त्यांची सून संध्या उभी राहिली. फोटोत सासूची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. सुनेचा चेहरा मात्र पुसून टाकल्यासारखा.

"कॅमेरा झूठ नहीं बोलता, माई!" बाबा कडाडले. "हिच्यात छाया शिरली. परवा आश्रमात आणा. एकवीस दिवस सेवा. कुणी भेटायचं नाही."

सासूनं हात जोडले. नवरा देवानंदनंही.

संध्याला दोन दिवस चैन नव्हतं. पोळी करपायची, हातातलं भांडं सुटायचं. मधूनच ती आरशात पाहून यायची. खरंच आपण पुसट होतोय का? शेवटी ती लग्नाचे फोटो काढणाऱ्या रश्मीकडं धावली.

"काहून रडून राहिली?" सारं ऐकून रश्मी उसळली. "नवरी उठून दिसावी म्हणून मागचं वऱ्हाड पुसट करतो आमी. रोजचं काम हाय हे!"

तिसऱ्या दिवशी दोघी पारावर आल्या. संध्याला आश्रमात न्यायला सासू न् देवानंद तिथं आधीच उभे होते.

"बाबा, संध्याच्या मागं उभे राहा," रश्मी म्हणाली. "तुमच्यात त छाया नाई ना?"

गर्दीसमोर बाबांना नकार देता येईना. रश्मीनं आपल्या कॅमेऱ्यात फोटो काढला. संध्याच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. बाबा म्हणजे नुसता भगवा डाग!

"अरे बाप्पा! बाबाच विरघळले!" कुणीतरी ओरडलं.

"तिचं मशीन बाटलं हाय!" बाबा गरजले.

"मंग तुमचं द्या." रश्मीनं चेल्याचा कॅमेरा घेऊन पार्बताबाईंच्या हाती दिला. "भिंगाचं भोक मोठं ठेवलं, की ज्याच्यावर नेम तेवढाच साफ येते. भोक बारीक केलं, की दोघंबी साफ. हे चाक फिरवा, आत्याबाई."

पार्बताबाईंनी चाक फिरवत दोन्ही फोटो काढले. पहिल्यात बाबा पुसट, दुसऱ्यात दोघंही लख्ख. मग बाबांकडं वळून म्हणाल्या, "माह्या सुनेले एकवीस दिवस कायले पायजे होतं तुमाले?"

बाबा घाईनं पारावरून उतरले. गर्दीचा आवाज चढला, तशी चेल्यानं जीप सुरू केली.

"मले इचारायचं तरी होतं," संध्या सासूला आणि नवऱ्याला म्हणाली. "डोळ्यानं दिसलं ते दिसलंच. पण ते कसं झालं, हे इचारल्याबिगर कोणाच्या लेकीले घराबाहेर काढू नका."