माफ केलं

पापनिवेदन करून आला की काळूरामला भूक लागायची. दर वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळात हेच. फादरांसमोर गुडघे टेकून, मन हलकं करून यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "गोदू, भाकर टाक!" देवाने पापं धुतली, आता राहिलं काय? भाकरच!

गोदूला ह्या सगळ्याचा वीट आला होता. देवाशी मिटलं, मान्य. पण मेघालीशी? पोटच्या पोरीने गोदामात रात्रीची शिफ्ट धरली म्हणून ह्याच बापाने प्रार्थनाघरात, भर वस्तीसमोर, "रात्रीची बाहेर राहते ती पोर माझी न्हाय" असं ठणकावलं होतं. पोर तडक अंबाडीला मैत्रिणीच्या खोलीवर गेली. गेला नाताळ तिच्याविना झाला. हाही तसाच गेला तर पोर कायमची तुटणार, हे गोदूला पक्कं ठाऊक होतं.

"अवो, फादरांना सांगून काय उपेग? जिचं मन मोडलंत तिला सांगा की!"

"सांगतंय ना. जरा दम धर."

"वरीस झालं दम धरून!"

शेवटी शनिवारी तिने त्याला ढकलतच रिक्षात बसवलं. त्यांचं दिघाशी गाव मागे पडल्यापासून तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. गोदूला वाटलं, चला, निदान पाठ तरी करतोय.

मेघालीने दार उघडलं. ड्युटीवरून येऊन झोपलेली, डोळे तांबारलेले. काळूरामने घसा खाकरला, छाती पुढे काढली आणि बोलला, "पोरी, मी तुला माफ केलं."

गोदूने कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा! माफी मागायला आणलेला माणूस माफी देऊन मोकळा! रोजच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करून करून ह्याला करायचीच सवय लागलेली. मागायची ती फक्त देवाकडे.

"केलं न्हाय, माफ कर बोला! माफ कर!"

"तेच तर बोललो!"

"तेच न्हाय ते!"

मेघालीला हसू आलं नाही. "आई, राहू दे. बाबा, तू भर वस्तीसमोर बोललास. ही दाराआडची माफी मला नको." तिने दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर काळूराम धुमसत होता. "बापाने वस्तीपुढे नाक घासायचं?"

"घासा! पोरीचं कापलंत तेव्हा काय वाटलं न्हाय ते?"

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थनाघरात आगमनकाळातली गुलाबी मेणबत्ती पेटली. फादर आनंदाविषयी बोलत होते. गोदूच्या कानात एक शब्द शिरेल तर शपथ. प्रार्थना संपली, माणसं उठू लागली आणि काळूराम उभा राहिला.

"थांबा जरा."

गोदूने डोळे गच्च मिटले. आता हा परत 'माफ केलं' बोलला ना, तर ह्याला इथेच सोडून मीही अंबाडी गाठीन.

"माझी पोर... मेघाली... तिचा काय गुन्हा न्हाय. गुन्हा माझा. पोरी, मला माफ कर." शेवटचे शब्द त्याने जमिनीलाच सांगितले.

"ऐकू न्हाय आलं, बाबा."

सगळ्यांच्या माना वळल्या. दाराबाहेर मेघाली उभी, अंगात अजून ड्युटीचं जॅकेट.

"त्या दिवशी केवढ्यानं बोलला होतास?"

काळूरामने मान वर केली. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

"मेघाली, मला माफ कर!" छपराचे पत्रे हादरले.

"आता ऐकलं," ती म्हणाली आणि चपला काढून आत आली.